दुधाच्या दातांची उपेक्षा

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," ही म्हण आपल्या वाडवडिलांनी म्हातारपणाला उद्देशून केली असावी. आज मात्र ती तीनचार वर्षांच्या बालकांस लागू पडू लागली आहे, ही खेदाची गोष्ट होय. पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात पाऊल टाकले की जैनद, बेला, तामसी या बाजूच्या खेड्यांतून मराठी कानी पडते. राज्य बदलते, परंतु घरांतील रीतीभाती, समजुती आणि दुखणी फारशी बदलत नाहीत. त्यांतलेच एक दुखणे आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

मध्यरात्र उलटून गेलेली असते. लहान मूल गालावर हात दाबून रडत असते. आई उठते, लवंग कुटून किडक्या दातात भरते, मुलास मांडीवर घेऊन थोपटते. पहाटे कधीतरी त्याचा डोळा लागतो. सकाळी शेतावर जाण्याची घाई असते, आणि कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणते, "दुधाचेच तर दात! आज ना उद्या पडणारच आहेत." तेवढ्यावर तो विषय मिटतो. असा प्रसंग ज्या घरी कधीच घडला नाही, असे घर आमच्या खेड्यांतून विरळाच सापडेल. भारतीय दंत परिषदेने सन २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी जवळजवळ ५२ मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे निम्म्या घरांतून हे रडणे ऐकू येत होते!

"पडणारच आहेत" हे अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य फार घातक असते. बालकास साधारणपणे सहाव्या महिन्यात पहिला दात येतो आणि तिसरे वर्ष लागेपर्यंत वीस दात पुरे होतात. त्यांतील समोरचे दात सहासात वर्षांचे असताना पडतात हे खरे, परंतु दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. दोन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर पुढील आठदहा वर्षे त्याने काय चावावे? दुखऱ्या तोंडाचे मूल भाकरी टाकून देते आणि चहात बुडविलेल्या बिस्किटावर दिवस काढते. वाढीच्या वयात अंगी लागावयाचे अन्न लागत नाही, झोप पुरी होत नाही. शिवाय दुधाची दाढ अकाली गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि मागाहून येणाऱ्या कायमच्या दातास वाकडीतिकडी वाट शोधावी लागते. आणखी एक गोष्ट पुष्कळ मातापित्यांस ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी नवी दाढ उगवते, ती कोणताही दात न पडता उगवते. म्हणून तीही दुधाचीच समजली जाते आणि तिची हेळसांड होते. वास्तविक ती जन्मभराची दाढ असते.

दात किडतात म्हणजे काय होते? त्यात किडा शिरतो ही समजूत जुनी असली तरी खरी नव्हे. डोळ्यांस न दिसणारे जंतू आपल्या दातांवर चिकट थर करून राहतात. आपण साखर, गूळ अथवा पिठूळ गोड पदार्थ खाल्ला की तेही त्यावर जेवतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताच्या कठीण कवचातील क्षार विरघळविते. पुढे लाळ हळूहळू ती झीज भरून काढते. परंतु त्यासाठी तिला उसंत हवी. जे मूल दिवसातून एकदा जेवणाबरोबर लाडू खाते, त्याच्या लाळेला ही उसंत मिळते. जे मूल दर तासाला चॉकलेट, बिस्किट वा गोड चहा घेते, त्याच्या दातांस सारा दिवस आम्लाची अंघोळ घडते. किती गोड खाल्ले, याइतकेच किती वेळा खाल्ले यालाही महत्त्व आहे. गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपी जाणारे बाळ तर रात्रभर त्या आम्लात दात बुडवून झोपते, कारण झोपेत लाळही कमी सुटते. गूळ साखरेहून पौष्टिक म्हणून बाळाच्या दुधात सढळ हाताने घालणाऱ्या आयांनी ध्यानात ठेवावे की, जंतूंस गूळ आणि साखर सारखीच गोड लागतात.

या दुखण्याचे मूळ कित्येकदा मुलाच्या जन्माआधीच रुजलेले असते, आणि म्हणूनच गर्भवती मातेचा विचार येथे करावयास हवा. गर्भ सहा आठवड्यांचा होतो न होतो तोच दुधाच्या दातांचे अंकुर धरू लागतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास ते कठीण होऊ लागतात. मातेचे त्या दिवसांतील अन्न बाळाच्या हाडामांसाप्रमाणे दातांसही घडवीत असते. "एका मुलामागे आईचा एक दात जातो," अशी समजूत आहे. बाळ आईच्या दातांतील चुना शोषून घेते म्हणून असे होते, असे सांगतात. हे खरे नव्हे. चुना कमी पडला तर तो हाडांतून घेतला जातो, दातांतून नव्हे. आईचे दात जातात ते निराळ्या कारणांनी. गरोदरपणी शरीरातील संप्रेरके वाढतात आणि त्यामुळे हिरड्या फुगतात, लाल होतात, घासताना रक्त येते. रक्त येते म्हणून माउली दात घासणेच सोडते. मळ साचतो, हिरड्या अधिकच बिघडतात. त्यात पहिल्या महिन्यांतील वांत्यांमुळे पोटातील आम्ल वरचेवर तोंडात येते.

यावर उपाय साधे आहेत. रक्त आले तरी मऊ ब्रशाने दोन वेळा दात घासणे सोडू नये. वांती झाल्याबरोबर घासू नये. आधी साध्या पाण्याने, अथवा पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून खळखळून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने घासावे. दात दुखत असल्यास बाळंतपण होईपर्यंत कळ काढीत बसू नये. गरोदरपणी दात दाखवू नयेत, ही भीती निराधार आहे. दातांचे उपचार या काळात करता येतात आणि चौथा ते सहावा महिना त्यास विशेष सोयीचा असतो. मात्र आपण गरोदर आहोत हे दंतवैद्यास आधी सांगावे आणि दुकानातून मनाने गोळ्या आणून घेऊ नयेत. टेट्रासायक्लिन जातीचे औषध गरोदरपणी घेतल्यास बाळाचे दात कायमचे पिवळट करड्या रंगाचे होतात, आणि काही वेदनाशामक गोळ्याही गर्भास बाधक ठरतात. ज्या मातांच्या हिरड्या फार बिघडलेल्या असतात, त्यांची बाळे अपुऱ्या दिवसांची वा कमी वजनाची जन्मण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. केवळ हिरड्यांवर उपचार केल्याने ते टळते असे सिद्ध झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. परंतु निरोगी तोंडाने चार घास नीट चावून खाणे ही गर्भवतीस काही लहान गोष्ट नव्हे. आणि आईच्या तोंडातील जंतूच बहुधा प्रथम बाळाच्या तोंडी जातात. तिने चाखलेला चमचा बाळाच्या तोंडात गेला की तेही त्याबरोबर जातात. आईचे दात निरोगी करणे म्हणजे बाळाच्या दातांची पहिली राखण होय.

येथे मिशरीविषयी बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली घरांत शिरते आणि व्यसन होऊन बसते. सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दिवसातून चारपाच वेळा लावू लागते. दाताला बरे वाटते ते तंबाखूच्या गुंगीमुळे. दुखणे आत वाढतच असते. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी सन २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मिशरीसारखी धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची भरली, आणि दिवस पुरे होण्याआधी प्रसूत होण्याचे प्रमाणही त्यांच्यांत अधिक आढळले. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने सन १९९२ पासून बंदी केली आहे, परंतु चुलीवर भाजल्या जाणाऱ्या मिशरीस कोणता कायदा अडविणार? तेथे घरच्यांचे प्रेमच कामी यावयास हवे. राखुंडी, कोळसा आणि विटेची पूड यांत तंबाखू नसली तरी त्या दाताचे कवच खरवडून काढतात. कडुनिंबाचे वा बाभळीचे मऊ चघळलेले दातवण त्यांहून बरे. तथापि कीड रोखण्याचे जे सामर्थ्य फ्लोराइडयुक्त पेस्टमध्ये आहे, ते त्यात नाही.

फ्लोराइडचे नाव निघाले की या सीमाभागातील जाणकार वाचक लगेच विचारील, "ज्या फ्लोराइडने आमच्या मुलांचे दात डागाळले, तेच दातांस चांगले कसे?" प्रश्न रास्त आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, आणि तेलंगणातील नलगोंडा जिल्हा तर याच दुःखासाठी देशभर ओळखला जातो. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरे पाणी मुळीच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की लहान मुलांचे घडत असलेले दात पांढुरके, पुढे तपकिरी डागांचे होतात आणि हाडेही वाकतात. औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचे असते. पेस्टमधील फ्लोराइड दातांस बाहेरून लावून थुंकून टाकावयाचे असते, गिळावयाचे नसते. म्हणून तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याचे ठाऊक आहे, तेथील आईबापांनी लहान मुलाची पेस्ट दंतवैद्यास विचारून निवडावी, आणि गावकऱ्यांनी बोअरचे पाणी तपासून घेण्याचा आग्रह धरावा. नद्यांचे शुद्ध केलेले पाणी नळाने घरोघरी पोहोचविण्याची 'मिशन भगीरथ' योजना तेलंगणात सन २०१६ मध्ये सुरू झाली. जेथे ते पाणी येते, तेथे पिण्यासाठी तेच वापरावे.

दातदुखीने कोणी मरते काय, असे म्हणणाऱ्यांसाठी एक दुःखद हकिकत सांगणे भाग आहे. अमेरिकेतील मेरीलंड राज्यात डेमोंटे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. त्याचा एक दात किडून पिकला होता. घरची गरिबी, विम्याचा गोंधळ आणि गरिबांस पाहणाऱ्या दंतवैद्यांची चणचण यांमुळे वेळीच उपचार झाला नाही. जंतू मेंदूपर्यंत गेले. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया करण्यात आल्या, तरी फेब्रुवारी २००७ मध्ये तो मुलगा दगावला. जो दात काढावयास सुमारे ८० डॉलर लागले असते, त्यापायी रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरांच्या घरात गेला, आणि आईचा मुलगा तो गेलाच. संपन्न देशात हे घडू शकते, तर जेथे दंतवैद्याकडे जावयाचे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून एसटी धरावी लागते, तेथे आपण किती सावध असावयास हवे!

आता प्रश्न असा की, हे सारे करावयाचे कोणी? प्रत्येक खेड्यास दंतवैद्य मिळणार नाही, आणि मिळाला तरी तो किडलेला दात काढील. दात किडू नये यासाठी रोज सकाळी तो घरी येणार नाही. म्हणून गावाने मिळून करावयाचे हे काम आहे. त्यासाठी नवे काही उभारावयास नको. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिने अंगणवाडी गावोगाव नेली. तेलंगणात सन २०१५ पासून 'आरोग्यलक्ष्मी' योजनेखाली गर्भवती व स्तनदा मातांस अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण, दूध व अंडे देण्यास आरंभ झाला. लहानग्यांसाठी 'बालामृतम्' हे तयार पीठ घरी दिले जाऊ लागले. म्हणजे ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत, त्या माता आणि ती बाळे अंगणवाडीच्या पटावर आधीच आहेत. जेवण झाल्यावर चूळ भरावयास लावणे आणि पीठ खाऊ घातल्यावर बाळाचे दात ओल्या स्वच्छ फडक्याने पुसण्यास सांगणे, एवढे तेथे सहज होऊ शकते. बालामृतम् पौष्टिक आहे, परंतु त्यात साखरही असते, हे विसरू नये.

याशिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे झाला. त्याअन्वये फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांस वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतील मुलांस एकदा तपासावयाचे असते, आणि तपासावयाच्या गोष्टींत दातांचाही समावेश आहे. पथक येण्याच्या दिवशी मूल अंगणवाडीत हजर असावे आणि त्याचे तोंड उघडून पाहिले गेले की नाही, हे आईने आवर्जून विचारावे. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, असे म्हणतात ते उगीच नव्हे! पथकाने पुढे पाठविल्यास आदिलाबाद शहरात 'रिम्स' हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

एक अडचण मात्र या जिल्ह्यास विशेष आहे. येथील मूल घरी मराठी, गोंडी, कोलामी वा लंबाडी बोलते आणि आरोग्याचे फलक तेलुगूत असतात. भाषेची ही भिंत कशी ओलांडावी, याचा धडा याच मातीत पूर्वी घालून दिलेला आहे. सन १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई या खेड्यात गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि मुलांस प्रथम त्यांच्याच बोलीत शिकविण्यात येऊ लागले. गावचा माणूस गावच्या बोलीत सांगतो, तेव्हाच सांगणे काळजास भिडते. दातांची गोष्टही तशीच सांगितली पाहिजे, आणि ती सांगावयास शिकलेल्या सुना आणि शाळेत जाणाऱ्या मुली यांच्याहून योग्य कोण?

बाहेरच्या जगाने असे प्रयोग करून पाहिले आहेत. फिलिपिन्स देशात सन २००६ च्या पाहणीत सहा वर्षांच्या १०० मुलांपैकी ९७ मुलांचे दात किडलेले आढळले. तेथील शाळांनी दंतवैद्यांची वाट न पाहता रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली हात धुणे व दात घासणे, आणि वर्षातून दोनदा जंताचे औषध देणे, असा साधा क्रम आखला. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून शिक्षिकांसमोर सर्व मुले रोज दात घासतात. तेथील पाच वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारांचा खर्च २००१-०२ ते २००९-१० या आठ वर्षांत निम्म्याहूनही खाली आला. अंगणवाडीतही हे होणे कठीण नाही. प्रत्येक मुलाचा ब्रश खुणेचा आणि निराळा ठेवावा, एकमेकांस लागू देऊ नये. घासून झाल्यावर थुंकावे, फार चुळा भरू नयेत, म्हणजे पेस्टचा गुण दातांवर राहतो आणि पाणीही कमी लागते.

आणि घरी? महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ अलगद उचलून पाहावा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली चाहूल समजावी. या वेळी गोड कमी करून व पेस्टने नीट घासून कीड मागे परतविता येते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की मात्र दंतवैद्य गाठावा. खड्डा दिसला म्हणजे दात काढावाच लागतो असेही नाही. सन १९८० नंतरच्या दशकात टांझानियात अशी पद्धत निघाली की, वीज व यंत्र यांवाचून हातातील अवजाराने कीड काढून खड्डा भरता येतो. लहान मुलांची कीड थोपविणारे चांदीयुक्त फ्लोराइडचे औषधही निघाले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सन २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. त्याने किडलेली जागा काळी पडते, परंतु मूल घाबरत नाही. मुलाच्या हाती ब्रश देऊन आईबापांनी मोकळे होऊ नये. सातआठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट वळत नाही, म्हणून निदान रात्रीचे घासणे वडीलधाऱ्यांनी स्वतः करावे. रात्री घासल्यावर पाण्यावाचून काही देऊ नये.

दातदुखीने पीडलेले भाविक ज्या संत अपोलोनियेचा धावा करतात, तिचा सण ९ फेब्रुवारीस येतो. सन २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया शहरात छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले, तरी तिने श्रद्धा सोडली नाही. तिने दात गमावले ते श्रद्धेसाठी. आमची लेकरे ते गमावतात आमच्या हयगयीपायी. पुढच्या ९ फेब्रुवारीस प्रत्येक घराने एवढे करावे: मुलांचे ओठ उचलून पाहावे, मिशरीची डबी चुलीत टाकावी, आणि घरात कोणी गर्भवती असेल तर तिला नवा मऊ ब्रश आणून द्यावा. प्रार्थना तर करावीच, परंतु जे आपल्या हातांनी होण्यासारखे आहे, ते देवावर टाकू नये.

आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या लहानग्यास मांडीवर घ्या आणि त्याचे वीस दात मोजा. विसाच्या वीस शुभ्र असतील तर देवाचे आभार माना. एखादा काळा दिसला, तर "दुधाचाच आहे" असे म्हणून दिवा मालवू नका.